डेडस्टॉक

माझ्या टेबलाखाली जाड पुठ्ठ्याचं एक रजिस्टर आहे.
कॉलेजात जे जे मोडलं, गंजलं, वाळवीनं खाल्लं
ते सगळं त्यात.
बाकं सतरा. टंकलेखन यंत्र एक.
प्लास्टिकचा मानवी सांगाडा, डावा हात नसलेला.
प्रत्येकासमोर शेरा: निर्लेखित.
चौदा वर्षं मी हा शब्द लिहिते आहे,
आता तो माझ्या सहीपेक्षा चांगला येतो.

यंदा पर्यावरण समिती झाली.
शिरवईकर सरांनी मुलांना शिड्या धरायला लावल्या:
दोनशे बारा जुन्या ट्यूबलाइट उतरल्या,
म्हणजे माझ्या रजिस्टरात चार पानं भरली.
ग्रंथालयाच्या छपरावर सौर पाट्या चढल्या.
त्यांच्यावर खाणींची तांबडी धूळ बसते,
शनिवारी पोरं कोरड्या फडक्यानं पुसतात,
फडकी तांबडी होऊन खाली येतात.

कँटीनच्या रेजिनाल्दानं कागदी कप बंद केले,
साठ पेले घेतले स्टीलचे.
महिन्याभरात एक्केचाळीस उरले.
ती कुणाला काही बोलली नाही,
दारावर रोज खडूनं आकडा लिहायला लागली:
४१.
४१.
३९.
मग एका सोमवारी ४६.
कुणी आणून ठेवले, तिनं विचारलं नाही.
त्या दिवशी मिरची-भजी मात्र एकेक जास्त पडली ताटात.

स्टाफरूममध्ये हसले काहीजण:
एवढ्यानं काय होतंय, आधी रस्त्यावरचे ट्रक मोजा.
मी मोजलेत.
केप्याच्या स्टँडवर बसची वाट बघताना, त्र्याऐंशी.
त्यानंतरही मी जाताना सगळे पंखे बंद करते.
दोन्ही गोष्टी मी एकाच संध्याकाळी करते.

झाडं मोजायची होती.
आल्विता बार्रेतो पानासमोर फोन धरायची,
फोन विचार करत बसायचा,
तोवर जानू वेळीप सांगून पुढे:
किंदळ. माट्टी. हे भिरंड, लावलेलं नाही, आलेलं.
रसायनशास्त्राच्या मागे सिमेंटचा चौथरा,
त्याच्या भेगेतून निघालेला पिंपळ.
तीनशे अठरावा, आल्विता म्हणाली.
जानू थांबला, पायानं चौथऱ्यावर दोनदा ठोकलं.
"हाचे पोंदा बांय आसा."

रात्री मी जुनी पानं उलटली.
सालाचा आकडा वाळवीनं नेलेला, पण ओळ शाबूत:
विहीर, एक. निरुपयोगी. निर्लेखित.
खाली माझ्या आधीच्या क्लार्कची वळणदार सही.
आणि वरच्या ड्रॉवरमध्ये
एप्रिलमधल्या टँकरची अकरा बिलं,
सगळी माझ्याच हातून पास झालेली.

चौथरा फोडायला दीड दिवस लागला.
आधी आली काच. परीक्षानळ्या, बीकर,
एक क्रिकेटचा चेंडू, कुठल्यातरी बॅचचे खडू.
मग गाळ. तीन दिवस नुसता गाळ,
इतका लाल की पोरांचे पाय पुढचे आठ दिवस ओळखू येत होते.
चौथ्या दिवशी खालून जानूनं हाक दिली नाही,
फक्त दोर दोनदा हलवला.
वर आलेल्या बादलीत पाणी होतं,
चहासारखं, पण पाणी.

प्रयोगशाळेचा अहवाल: लोह जास्त. पिऊ नये.
झाडांना, संडासांना चालेल.
शिरवईकर सरांचा चेहरा जरा उतरला.
रेजिनाल्दा म्हणाली, संडासांचा टँकर वाचला ना,
मग लोखंड कसलं मोजता?

मला वेगळीच अडचण.
रजिस्टरात वस्तू बाहेर काढायचा रकाना आहे,
आत घ्यायचा नाही.
संचालनालयाला पत्र पाठवलंय पणजीला,
स्मरणपत्रही.
तोवर त्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
विहीर, एक. खोली साडेनऊ मीटर. पाणी आहे.

पिंपळ जानूनं मुळांसकट काढून गेटपाशी लावला.
त्यानं सगळी पानं टाकली.
आल्विता रोज जाता-येता नखानं साल खरवडून बघते,
आत हिरवं आहे का.
झाडांचा तक्ता तिनं अजून मला दिलेला नाही.
मीही मागितलेला नाही.