मधला चौकोन

हार्लन प्रुएट साहेबाचं व्याख्यान मी सहा संध्याकाळी मराठीत केलं,
दांडिया बाजारात, एका व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत.
दर संध्याकाळी पाच रुपये आणि एक चहा.
विषय नागरिकशास्त्र. ऐकायला नऊ जण,
त्यातले दोन पंख्यासाठी आलेले.

साहेब ओहायोचा. तेराव्या वर्षी छापखान्यात
खिळे जुळवायला लागला.
पुढे घरासाठी जागा बघायला गेला तेव्हा कळलं,
ज्या रस्त्याच्या मागणीचं पत्रक त्यानंच जुळवलं होतं
त्या रस्त्यानंच जागा महाग करून ठेवली होती.
तेव्हापासून गावोगाव बोलतोय, म्हणाला.
बायको कंटाळून बहिणीकडे गेली, हेही म्हणाला.
ते मी भाषांतरात गाळलं.

फळ्यावर तो एक मोकळा चौकोन काढायचा.
भोवती विहीर, शाळा, नळ, स्टेशन.
मग खडूनं मध्ये टकटक:
ह्याचा भाव कोणी वाढवला?
मालकानं तर तिथे साधा एरंडही लावला नव्हता.
कर घ्या तो ह्या वाढीवर, कुणाच्या घामावर नको –
इथे मला शब्द सापडेना.
म्हणालो, आयत्या बिळावर नागोबा.
खोली हसली. साहेबानं माझ्याकडे पाहिलं,
एवढ्या लांब वाक्याचं इतकंसं काय केलंस, असं.
पहिल्या रांगेतले राजाध्यक्ष वकील तेवढे हसले नाहीत.
स्टेशनापलीकडे त्यांचे अकरा प्लॉट मोकळे होते.

सातव्या दिवशी तो सुरतेच्या गाडीत बसला.
त्याचा खडू माझ्या खिशात राहिला,
आणि तीस रुपये.
त्यांत सासऱ्यांचे थोडे घालून
त्याच वर्षी मी गोत्रीच्या वाटेवर जागा घेतली.
हे मी कुणाला समजावून सांगत नाही.

तेव्हा तिथे बाभळी होत्या, रात्री कोल्हे.
आता दवाखाना, तीन बँका, वरून पूल.
मी काही केलं नाही.
एकदा कुंपणाची तार बदलली, तीही पोरांनी वाकवली
चेंडू आणायला.
बिल्डर दर दिवाळीला काजूकतली पाठवतो.

एप्रिलात पालिकेच्या खिडकीशी जातो,
बिलापेक्षा जास्त सरकवतो.
हे कशाचे? मुलगी विचारते.
वाढीचे, म्हणतो. आजूबाजूच्यांचे.
ती संगणकात शोधते, मग जाड वहीत,
मग शेजारच्या टेबलावरच्या परमारभाईंना विचारून येते.
"काका, एवुं खातुं ज नथी."

नोटा परत येतात.
मी मोजून घेतो.