हमी नाही

तोकुनागाच्या दुकानात दारापाशी एक निळी टोपली असते,
मूळची मासळीबाजारातली, अजून खवल्यांचा वास मारते.
तिच्यावर पुठ्ठा: मोडीत. चालेल याची हमी नाही. परत घेणार नाही.
एवढा खरेपणा मी लग्नातही ऐकला नव्हता.

चार्जरांच्या गुंत्यात हात घातला आणि तो लागला.
पकडीचं रबर चिकट झालेलं, गुळाच्या ढेपेसारखं.
सोळा वर्षांपूर्वीचा. दहा मेगापिक्सेल.
तोकुनागानं चष्मा कपाळावर सरकवला,
कुठलीशी वायर जोडली आणि म्हणाला,
याची पापणी एक लाख बेचाळीस हजार वेळा लवलीय.

मी बर्फाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं, हिशेब तोंडी करतो.
माणूस तेवढ्या पापण्या दहा दिवसांत लववतो.
म्हणजे हा दहा दिवसांचा.
तीन हजार येन मोजले. घासाघीस केली नाही.

लेन्स त्यानं वरून दिली,
पन्नासची, रिळाच्या जमान्यातली,
आत कडेला बुरशी, थंडीत खिडकीवर उमटते तशी.
बर्फवाल्याला बर्फाची, म्हणाला, आणि स्वतःच हसला.

दोघांचं आपसात बोलणं नाही.
लेन्स आपलं अंतर सांगत नाही, कॅमेरा उजेड मोजून देत नाही,
मध्ये मी, मोडलेल्या घरातल्या मामासारखा,
एकाचं ऐकायचं, दुसऱ्याला अंदाजानं सांगायचं.
बॅटरी गारठली की काखेत धरायची
आणि बंदरावर कोंबडीसारखं उभं राहायचं.

पहिल्या महिन्यात
कुरव उडून गेल्यानंतरच्या आकाशाचे
दोनशे फोटो जमले.

ते पाहिले फक्त ओइकावा तोमिझोनं.
वय एक्याऐंशी, जन्मभर जाळी सांधली, त्यामुळे भोकं आधी दिसतात.
प्रत्येक आकाशात डावीकडे वर एकच करडा ठिपका.
हा कोण? त्यानं विचारलं.
आतली धूळ, मी म्हणालो. आधीच्या मालकाची.
छिद्र आवळून सोळावर नेलं की दिसते,
पूर्ण उघडलं की नाहीशी होते.
मग उघडंच ठेव की. आवळतोस कशाला?

आणि त्याच दमात, चहा मागावा तसं:
माझा एक काढून ठेव. काळ्या चौकटीत बसेल असा.

काबुशिमाच्या पायऱ्यांवर बसला, कोट घालून, टाय लावून.
एप्रिल. वर हजारो कुरव, कलकलाट असा
की स्वतःचा विचार ऐकू येऊ नये.
देवळातून छत्री मिळते, ती त्यानं घेतली नाही.
व्हायचं ते झालं. खांद्यावर, पांढरं, ओघळतं.
त्याची लेक चिगुसा रुमाल घेऊन धावली.
आधी फोटो, तो ओरडला. इथे हे नशिबाचं समजतात,
मरताना तरी नशीब दिसू दे.

छिद्र पूर्ण उघडं. कडं फिरवलं.
डोळा आला, गेला, परत आला.
खटका.

मागचा पडदा काडेपेटीएवढा, उन्हात काही दिसेना.
चिगुसानं आपला कोट काढून तिघांच्या डोक्यावर धरला.
त्या अंधारात तोमिझोच्या तोंडाला सुक्या माकुळाचा वास,
आणि मध्ये तो, उजळलेला, नखाएवढा:
डोळे जरा विरघळलेले,
सगळ्यात रेखीव, अगदी कडा मोजाव्यात असा,
खांद्यावरचा डाग.

हाच, तो म्हणाला.
चिगुसा काहीच बोलली नाही. कोट मात्र तिनं लगेच काढला नाही.

त्याच्या आधीचा एक आहे, त्यांना दाखवला नाही.
त्यात त्याचे डोळे मिटलेत.
पुसायला गेलो आणि थांबलो.
दोघांची पापणी
एकाच वेळी लवली होती.