ओत्मारचं सामान

व्लास्ता आली तेव्हा लिफ्ट बंद होती.
सहा मजले उतरून, पुढे तळघराच्या बारा पायऱ्या,
हातात केळ्यांचं खोकं, त्यात
तीन जाळ्या, सायफनची नळी, दोन हीटर,
काच खरवडायचं पातं,
आणि पिशवीत, पाण्यासकट, एक काळा स्पंज.
"हे तुझ्याकडेच यायला हवं, हिनेक," म्हणाली.
"माझ्याकडे राहिलं तर फेकून देईन."
कॉफी नको म्हणाली. गेली.

चौदा वर्षं मी ओत्मारला पाण्यात पाहिलं.
आमच्या दोन तळघरांमध्ये एकच विटेची भिंत.
पलीकडे त्याचा पंप घुरघुरायचा, अलीकडे माझा,
आणि जिन्यात समोरासमोर आलो की
दोघंही खिशात किल्ल्या शोधायचो.

कारण एक जाळी.
ओली. त्याच्या टाकीतून सरळ माझ्या टाकीत.
मागितली मीच होती, हे आज पहिल्यांदा म्हणतो.
माझी फाटली होती, घाई होती,
त्यानं हात लांब केला, मी घेतली,
झटकलीसुद्धा नाही.
अकराव्या दिवशी डिस्कस काळवंडले,
कोपऱ्यात तोंड घालून उभे,
अंगावर दुधाच्या सायीसारखं काहीतरी.
एकतीस मासे.
खाणीच्या राखटेकडीमागे पुरले. ओस्त्रावात
कुठेही खणा, फावडं काळंच वर येतं.
त्याच्याकडचा एकही मेला नाही.
त्याच्या माशांना ते सोसायचं.
हेच मला जास्त खुपलं.

तेव्हापासून प्रत्येक टाकीची जाळी वेगळी,
दांड्याला वेगळ्या रंगाची लोकर,
आणि कोपरापर्यंत हात कोरडा झाल्याशिवाय
दुसऱ्या पाण्यात जात नाही.
नातू विचारतो, आजोबा, आज कुणाचं ऑपरेशन?

तर आज बादली.
एकोणीस मापं पाणी, एक माप ब्लीच.
जाळ्यांना त्याच्या तळघराचा वास होता:
तंबाखू, गोठवलेल्या अळ्या, ओली वीट.
पंधरा मिनिटं, घड्याळ लावून.
बाहेर काढल्या तेव्हा
त्यांना शाळेच्या पोहण्याच्या तलावाचा वास आला.
एका दांड्यावर सुरीच्या खाचा होत्या, विणीगणिक एक असाव्यात.
मोजायला लागलो. तिसाच्या पुढे कुठेतरी चुकलो.
खाचा ब्लीचनं जात नाहीत.

मग साधं पाणी, मग थायोसल्फेटचे चार खडे,
पुन्हा साधं पाणी, मग दोरीवर.
वाळणं हे अर्धं औषध.
हीटर पुसले, नळी आतून बाहेरून धुतली.

स्पंज राहिला.
नियम सांगतो: उकळ, नाहीतर फेक.
नियम माझाच, भिंतीवर माझ्याच अक्षरात.
पण स्पंज हे सामान नव्हे.
त्याच्या भोकाभोकांत ती न दिसणारी वस्ती असते,
माशांची घाण खाऊन जी पाण्याला पाणी ठेवते.
ओत्मारला जाऊन तीन आठवडे झाले.
व्लास्तानं मासे क्लबवाल्यांना देऊन टाकले,
पंप मात्र चालूच ठेवला.
बंद कसा करायचा ते कळलं नाही म्हणाली.
चाळीस वर्षांच्या संसारात? खोटं असावं.

तो मी ब्लीचच्या बादलीवर धरला.
काळे थेंब पडले, आणि पडताक्षणी पांढुरके झाले.
हात खाली गेला नाही.

शेवटी मागच्या भिंतीशी एक रिकामी काच,
वीस लिटरची, मासा नाही, वाळू नाही,
तिच्यात सोडला. हवा लावली.
रोज सकाळी अमोनियाचे पाच थेंब, मोजून,
म्हणजे वस्ती उपाशी मरायची नाही.
माझ्या टाक्यांपासून चार पावलं लांब.
तिलाही वेगळी जाळी.
मासाच नाही तर जाळी कशाला,
तरी पांढरी लोकर बांधली.
नियम नियमाच्या जागी.

रात्री मोठा दिवा घालवला.
विटांपलीकडे आता काही घुरघुरत नाही.
अलीकडे, एका कोपऱ्यात, बारीक बुडबुडे.
वर जायला उशीर होत होता, सूप निवत असणार.
मी स्टूल ओढलं
आणि त्याला पाण्यात पाहत बसलो.