अर्धे बारा

उर्वेचं पत्र किह्नू बेटावरून आलं, सोबत दोन फोटो.
एका हातमोज्यावर आठ पाकळ्यांची चांदणी, काठ पूर्ण.
दुसऱ्यावर तीच चांदणी,
पण काठाची एक आडवी रांग गायब
नि कडेची एक उभी, जणू उंदराने नेली.
"तुमच्या प्रोग्रॅममध्ये नक्षी चार वेळा फिरवली.
चार वेळा फिरली की होती तशी यायला हवी ना?
मी दोनदा उसवलं. वाटलं, माझीच नजर गेली.
मग टाके मोजले.
भाचीचं लग्न शनिवारी आहे."

आज बुधवार. टार्टूत नदी गोठून पडलीय,
पुलावर कुणीतरी सायकल ढकलत नेतंय.

ती ओळ मीच लिहिलेली, नऊ वर्षांपूर्वी.
तापाने फणफणलेला एर्मो मांडीवर,
एका हाताने टाइप करत होतो:
रुंदीला दोनने भागा, तो मध्य.
चोवीसचे निम्मे बारा.
यात चुकायचं काय?

पण यंत्र शून्यापासून मोजतं. शून्य ते तेवीस.
बाराभोवती फिरवलं की शून्यावरचा टाका
चोविसावर जाऊन उभा राहतो,
आणि तिथे घरच नाही.
पहिल्या वळणाला एक रांग पडते,
दुसऱ्याला आणखी एक.
तिसऱ्या-चौथ्याला काहीच पडत नाही;
पडण्याजोगं काठावर कुणी उरलेलंच नसतं.

आधी एक वजा केला, मग भागलं. अकरा आले.
वरचा अर्धा पूर्णांकाने गिळून टाकला
नि आता समोरचा काठ गळू लागला.
छप्पर तसंच, बादली तेवढी सरकवली.

एर्मो दारात आला. चौकटीला डोकं टेकतं आता त्याचं.
"किती वाजले?"
"अर्धे बारा," मी म्हणालो.
साडेअकराला आम्ही असंच म्हणतो,
बारावा तास निम्मा झाला म्हणून.
बोललो, आणि तिथेच थांबलो.

अर्धे बारा.
नक्षीचा मध्य कुठल्याच टाक्यावर नसतो.
दोन टाक्यांमधल्या फटीत असतो,
सुई आत जाते तिथे.

मग भागाकारच काढून टाकला.
तेवीसमधून वजा करा, बस्स.
एक ओळ गेली, एक आली.
चाचणीसाठी उर्वेचीच चांदणी लावली:
चार वळणं द्या, टाक्याला टाका ताडून बघा.
एर्मो कोकोचा मग धरून मागे उभा.
"एवढ्यासाठी जागलास?"

रविवारी उत्तर आलं.
नवरीचे दोन हात, बर्फ, कुणाची तरी बोट.
खाली उर्वेने लिहिलं होतं:
"मी गुरुवारीच मनाने मोजून विणून टाकलं होतं.
आज सवड मिळाली, म्हणून तुमचं तपासलं.
चोवीस. बरोबर आहे."