दोन टन टरफलं

तोंगयोंगच्या धक्क्यावर, आमच्या शेडमागे
कालवांच्या टरफलांचा डोंगर आहे.
उन्हाळ्यात त्याचा वास गावात जातो
आणि गाव आमच्याकडे येतं, भांडायला.
चाळीस वर्षं मी कालवं फोडते.
मांस ज्याचं त्याला जातं,
उरतं ते आमच्या नावावर.

परवा एक मुलगी ट्रक घेऊन आली.
दाउन तिचं नाव. नखं अगदी स्वच्छ.
म्हणाली, आजी, दोन टन द्याल? पैसे देईन.
शेडमधल्या सगळ्या सुऱ्या थांबल्या.
हे घेऊन जा म्हणून
आजवर आम्हीच पैसे मोजत आलो.

कशाला, मी विचारलं.
इस्पितळाच्या सांडपाण्यासाठी.
त्यातले जंतू मारलेत आम्ही, ती म्हणाली,
पण मेलेल्यांच्या पोटातून एक धागा सुटतो
आणि पाण्यात तरंगत राहतो.
औषधाला कसं पुरून उरायचं,
एवढंच असतं त्यावर लिहिलेलं.
पुढचा जंतू येतो, तो धागा गिळतो
आणि न शिकता शहाणा होतो.

बाकीच्या हसल्या. मला कळलं.
सासूला जाऊन एकोणीस वर्षं झाली.
कालवं घालून ती किमची करायची,
कुठं लिहून ठेवलं नव्हतं तिनं काही.
धाकट्या सुनेनं तिला पाहिलेलंसुद्धा नाही,
तरी तिनं केलेली किमची सासूचीच निघते.
मीठ चिमूटभर जास्त,
ती खोडसुद्धा आली.

आणि तोक-हो.
पायाला टरफल लागलं, एवढंसं.
आम्ही रोज कापून घेतो आणि विसरतो.
चार औषधं बदलली डॉक्टरांनी.
पाचवं लिहिताना
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

हे दाउनला सांगितलं नाही मी.
फावडं घेतलं आणि भरायला लागले.

टरफलं म्हणे भट्टीत भाजतात,
लाल होईस्तोवर, मग कुटतात.
त्या चुन्याला धाग्याची ओढ असते.
जवळून गेला की धरतो, सोडत नाही.
महिन्याभरानं ती काचेची नळी घेऊन आली,
मला दाखवायला, मुद्दाम.
मी चष्मा लावला, चष्मा काढला.
पाणी आधी होतं तसंच पाणी.
तळाशी थोडा गाळ,
तांदूळ धुतल्यावर राहतो तसा.

सगळे अडकतात?
सगळे नाही.
आणि हा गाळ? हा कुठं टाकणार?
तिनं नळी खिशात ठेवली.
म्हणाली, आजी, तुम्ही आमच्या सरांसारखं विचारता.

जिवंतपणी कालव दिवसभर पाणीच गाळतं,
मेल्यावर पुन्हा त्याच कामाला जुंपलं त्याला,
पिल-सुन म्हणाली, आपल्यातलंच दिसतंय कुणीतरी.
तेव्हा मात्र मीही हसले,
सुरी बाजूला ठेवून, डोळे पुसत.

पहिल्या दिवशी ट्रक गेला तेव्हा
डोंगराला कडेनं एक खळगा पडला होता.
उभं राहिलं तर पलीकडचा समुद्र दिसायचा,
बशीएवढा.
संध्याकाळपर्यंत आम्ही तो भरून टाकला.