लाभार्थी संख्या

संस्थेच्या नावात 'जिल्हा' आहे, 'प्रतिष्ठान' आहे.
प्रत्यक्षात साखर पेठेतली बंद मागाची एक खोली,
चार पिंजरे, एक गळका पिंप,
आणि कागदावर सात विश्वस्त.
दोघं पुण्याला गेले, दोघं फोन उचलत नाहीत,
एक माझा नवरा, जो सह्या करतो आणि कुत्र्यांना भितो.
उरलो मी आणि यासीन बागवान.
त्याची रिक्षा आठवडाभर कांदे वाहते, रविवारी कुत्री.

पहाटे पाचला निघावं लागतं.
मे महिन्यात नऊ वाजले
की डॉक्टर हळकुडे टेबलावर घेत नाहीत.
आमच्याकडे जाळं नाही.
बाद चादरी आहेत, कारखान्यातून किलोवर आणलेल्या;
ज्यांच्यावर मोर चुकला,
तीन पायांचा आला, किंवा मान वळायची राहून गेली.
अशा मोरात गुंडाळलं की
चावरी कुत्रीसुद्धा थोडा वेळ गप्प होते.

दिवाळीत शेंगाचटणीची पाकिटं विकली,
त्यातून टाक्यांचा दोरा आला.

मार्च सरला की चॅरिटीचा फॉर्म.
रकाना सहा : लाभार्थी संख्या.
माद्या एकशे बारा, नर एकोणसाठ, मांजरी एकवीस.
इथपर्यंत पेन चालतं.
मग जी झालीच नाहीत ती,
अशोक चौकात टायरखाली आली नाहीत,
पोतं बांधून कुणी तलावाकाठी सोडली नाहीत,
ती कुठं लिहू?
सीए मादगुंडी चष्म्यावरून बघतात :
"मॅडम, जे घडलं तेवढंच लिहा."

विडी घरकुलात अंबूबाई येमूल.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात पानाची कात्री.
शेजारी चिट्टी, काळी, पोट मातीला टेकलेलं.
"काय करालाव बे तिला?"
सांगितलं. वर्षात दोनदा व्याली,
तेरा पिल्लं, राहिलं एक, तेही लंगडं.
कात्री थांबली नाही.
"माझं बी केलते. शाळेत, बाकावर निजवून.
चार बायांत एक सतरंजी.
संध्याकाळी बादली दिली, स्टीलची.
मला कुणी इचारलं नव्हतं.
हिला इचारलाव का?"

दहा वर्षांत भाषणं तोंडपाठ झाली होती,
रेबीज, आकडे, महापालिकेचं पत्र.
एकही बाहेर आलं नाही.
यासीननं रिक्षाचं हँडल पुसलं. मग परत पुसलं.

कात्री ठेवून तिनंच चिट्टीला उचललं,
मोरावर ठेवलं.
"चार दिवस ठिवायचं. त्याच दिशी हाकलायचं न्हाई."

चारही दिवस ती आली.
कडक भाकरी चुरून, दुधात भिजवून,
आणि पिंजऱ्याला पाठ लावून विड्या वळत बसली,
आपल्याशीच तेलुगूत काही मोजत.
विड्या असतील. मी विचारलं नाही.

सोडताना कानावरून हात फिरवला.
डाव्या कानाचा शेंडा, छोटा त्रिकोणी काप.
"हे काय गं?"
खूण, मी म्हटलं. परत कुणी धरून नेऊ नये म्हणून.
"हे बरं केलाव," ती म्हणाली.
"आमाला खूण नव्हती.
दुसऱ्या साली परत बोलवायला आलते."

त्या दिवशी पाच दिवसांनी पाणी सुटलं होतं.
ती घाईनं नळावर गेली, बादली घेऊन,
कडेला पोचा आलेली, स्टीलची.
चिट्टी मागोमाग, जरा तिरकी चालत.

रकाना सहा अजून भरायचाय.
दोन पिंजरे रिकामे, यासीन म्हणाला,
आणि ऊन यायला अजून अर्धा तास.
गल्लीच्या तोंडाशी एक तांबडी उभी होती,
आमच्याकडे बघत,
दोन्ही कान सबंध.
मी चादर झटकली.