कारणाचा रकाना

वही मूळची कोळशाच्या हिशेबाची,
मिरजेच्या लोकोशेडमधून आलेली.
म्हणून 'वॅगन नंबर' खोडून लिहिलंय : विरुद्ध कोण.
'टन' खोडून : गोल.
'तूट असल्यास कारण'
हा रकाना मात्र कुणी खोडला नाही.

पहिलं पान एकोणीसशे अठ्ठावन्नचं.
फायरमन, पॉइंट्समन, एक तिकीट तपासनीस,
मिशन हॉस्पिटलच्या लाँड्रीतला शांतवन आवळे,
आणि दस्तगीर शिकलगार,
दिवसभर सतारीचे भोपळे कोरणारा.
चेंडू हातात घेऊन तो आधी टिचकी मारायचा,
मग म्हणायचा, खेळा, आवाज बरा आहे.

वही लिहायचे तवनाप्पा चौगुले, पार्सल क्लार्क.
गोल शाईने. कारणं कॉपिंग पेन्सिलीने,
कारण शाई महाग
आणि कारणं फार.

कोल्हापूरकडून सात शून्य. कारण : पाऊस.
खाली दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात :
त्यांच्यावरही पडत होता.
हुबळी चार, आपण एक. कारण : गोलकीपर मालगाडीवर.
इचलकरंजी तीन, आपण दोन. कारण : शिट्टी.
एवढंच. शिट्टी.

जिंकलो तिथे रकाना कोरा.

मग रूळ रुंद झाले
आणि टीम अरुंद झाली.
सलग सहा ओळी : बदली, बदली, बदली,
पुढच्या तिघांना नुसत्या खुणा.
उखडलेल्या मीटरगेजचे चार तुकडे
तवनाप्पांनी मागून आणले, कुणाकडे मागून ते लिहिलं नाही.
त्याचे गोलपोस्ट झाले.
मैदानाला ओढ्याकडे उतार, तो अजून आहे.
बूट नऊ जोड.
इलाही आणि नेमगोंडा अनवाणी खेळायचे
आणि टॅकल करताना समोरचेच बिचकायचे.

'ब' गटातून 'अ' गटात आम्ही एकदाच गेलो.
शेवटची मॅच, समोर पेठेतली तगडी टीम,
आणि त्यांचा ट्रक अंकलीच्या पुलावर बंद.
रेफरीने घड्याळ बघत अर्धा तास काढला,
मग म्हणाला, एक गोल मारा, नियम आहे.
शांतवनला पुढे केलं. वय सत्तेचाळीस.
समोर कुणी नाही, नुसता मोकळा गोल,
आणि त्याने मारला तो पोस्टला.
रूळ बराच वेळ वाजत राहिला.
दस्तगीर डोळे मिटून म्हणाला, पंचम.

त्या दिवशी जिंकूनही तवनाप्पांनी रकाना भरला.
कारण : ट्रक.

'अ' गटात चौदा मॅच, चौदा पराभव.
तेरा कारणं नेहमीची.
चौदावं, पेन्सिल दाबून, कागद जवळजवळ फाडून :
ते चांगले खेळले.
पुढच्या वर्षीपासून अक्षर बदलतं.

एकोणीसच्या महापुरात वही दस्तगीरच्या दुकानात होती,
सतारींच्या खाली. पाणी चार दिवस राहिलं.
भोपळे तरंगून वर गेले, वही तळाशी.
उन्हात पानं सुटी केली तर
शाई गेलेली. सगळे गोल गेलेले,
खाल्लेले, मारलेले, सगळे.
कॉपिंग पेन्सिल मात्र भिजली की जांभळी होते
आणि पक्की बसते.
आता आमच्या क्लबचा इतिहास असा :
पाऊस. शिट्टी. बदली. ट्रक.
कितीने हरलो, विचारू नका.

वही आता माझ्याकडे.
परवा तासगावशी दोन एक हरलो.
सुफियान हाफटाइमला ऑर्डर पोचवायला गेला,
पंढरपूर रोडला, फाटकात अडकला,
आला तेव्हा सात मिनिटं उरलेली.
पाठीवरची पिशवी उतरवली,
आला तसा उताराने पळाला आणि गोल मारला.

पेन्सिल जिभेला लावली.
हरल्याचं कारण लिहिलं : फाटक.
मग तेच कारण
त्या एका गोलापुढेही लिहावं का,
याचा विचार करत बसलोय,
जीभ जांभळी.